आतली खूण

"तासाभरात होईल ना? समोर तिची दाढ काढतायत. डॉक्टर म्हणाला, मुळं वाकडी आहेत, वेळ लागेल."

पडदेवाला हे बोलला तेव्हा त्याच्या खांद्याला बायकोची पर्स लटकत होती. तपकिरी, बारीक बंदांची, पुरुषाच्या खांद्यावर जराशी केविलवाणी दिसणारी. एका हाताने ती सावरत त्याने बायकोचा फोन काचेच्या काउंटरवर ठेवला आणि बोटाने पुढे सरकवला.

काउंटरच्या आत टाचणी बसला होता. दुकानाचा मालक, कारागीर, झाडूवाला, सगळं तोच. सिमकार्ड काढायची बारीक टाचणी कायम कानामागे खोचलेली असायची म्हणून हे नाव पडलं, आणि अंगकाठीही नावाला शोभेल अशीच होती. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं.

"काय करायचंय?"

"तिला कळता कामा नये, एवढं बघा. बाकी मला सगळं दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे. कुणाशी बोलते, काय बोलते, कुठे जाते."

"फोन कुणाचा?"

"बिल माझ्या नावावर आहे," पडदेवाला म्हणाला. "आणि बायकोही माझ्याच नावावर आहे की!" आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला.

दुकानाच्या मागच्या बाजूला, स्टुलावर टाचणीचा म्हातारा बाप बसला होता. तो हसला नाही. एके काळी हे दुकान त्याचं होतं, घड्याळदुरुस्तीचं. आता डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड उरला होता. मुलगा त्याला रोज सकाळी आणून त्या स्टुलावर बसवायचा, कारण घरी सुनेला तो अडचण व्हायचा. दिवसभर तो आपलं जुनं मनगटी घड्याळ कानाला लावून बसे.

"नाही जमणार," टाचणी म्हणाला. असल्या कामाला तो पहिल्यांदा नाहीच म्हणायचा. त्याने गिऱ्हाईकही पारखता येतं आणि आपणही सज्जन आहोत असं घटकाभर वाटतं.

"चौकातला तो मोठा दुकानदारही हेच म्हणाला," पडदेवाल्याने फोन परत उचलल्यासारखं केलं. "म्हणाला, याचं कुलूप तोडलं की फोन स्वतःच बोंब मारतो. चालू करताना इशारा येतो, बँकेचं ॲप बंद पडतं, नाहीतर आतलं सगळंच पुसलं जातं. कुणालाच जमायचं नाही, म्हणाला."

"कुणालाच?"

"कुणालाच."

पडदेवाल्याचा जन्म लोकांच्या खिडक्यांची मापं घेण्यात गेला होता. माणसाचं माप घ्यायला त्याला पट्टीही लागत नसे. टाचणीने फोन ओढून घेतला.

आता टाचणीचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर त्याची मिजास कळायची नाही. फोन विकताना कंपनी सगळ्या घराच्या किल्ल्या देते, एक खोली मात्र स्वतःकडे ठेवते. त्या खोलीची किल्ली मिळवणं म्हणजे फोन रूट करणं. एकदा ती मिळाली की फोनकडून हवं ते करून घेता येतं. पण त्या खोलीच्या दाराशी कंपनीने पहारेकरी बसवलेला असतो. कुलपाला धक्का लागला की तो ओरडतो. कुलूप काय, कुणीही फोडेल. टाचणीची कला अशी की पहारेकरी जागचा हलायचा नाही, झोपायचाही नाही, आणि आत परका माणूस फिरत असताना रोज सकाळी हसून सांगायचा, "सगळं ठीक आहे." सुरक्षिततेच्या पानावर हिरवी खूण जशीच्या तशी. या कलेसाठी कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले, कुठून कुठून लोक त्याच्याकडे यायचे. आपला हात लागला हे कुणाला कळत नाही, याचाच त्याला अभिमान होता.

या मॉडेलमध्ये एक फट राहून गेलेली त्याला माहीत होती. फोनला वायर लावून तो कामाला लागला. समोरच्या इमारतीवर दाताच्या आकाराची भलीमोठी पाटी होती आणि तिच्याखाली जिना. पडदेवाला दुकानाच्या दारात उभा राहून त्या जिन्याकडे बघत होता. मधूनच तो पर्सचा बंद नीट करायचा.

"झालं," टाचणी म्हणाला आणि त्याने हिरवी खूण दाखवली. "बघा. कंपनीच्या बापालाही कळायचं नाही."

"खूण केलीस का रे?" म्हाताऱ्याने मागून विचारलं.

हा त्याचा रोजचा प्रश्न. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीकशी खूण ओरखडायची, ही त्याची आयुष्यभराची रीत. तेच घड्याळ पुन्हा कधी आलं तर आपलंच काम म्हणून ओळखू यावं, आणि बिघडलं असेल तर नाकारता येऊ नये. "केलेल्या कामाला मागे बाप हवा," असं तो म्हणायचा. मुलाने बापाचं बाकी काही घेतलं नाही, एवढं एक घेतलं. प्रत्येक फोनमध्ये, कुणी जाणार नाही इतक्या खोल, तो एक रिकामी फाइल ठेवून द्यायचा. तिचं नाव 'टाचणी'.

"केली, बाबा."

"कसली खूण?" पडदेवाल्याने विचारलं.

टाचणीने गप्प बसायला हवं होतं. पण कौतुकाला हपापलेला माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. त्याने सगळं सांगितलं. फाइल कुठे असते तेही दाखवलं.

"वा, उस्ताद!" पडदेवाला म्हणाला. "चित्रकार खाली सही करतो तसं."

तेवढ्यात समोरच्या जिन्यावरून ती आली. गालाला रुमाल लावलेला, एक हात भिंतीला. पडदेवाला धावत रस्ता ओलांडून गेला. त्याने तिला दंडाला धरून हळूच खाली उतरवलं, मान वाकवून काहीतरी विचारलं, पर्स तिच्या खांद्याला अडकवली. फोन पर्सच्या ज्या कप्प्यात होता त्याच कप्प्यात गेला होता. टाचणीला ते सफाईचं काम आवडलं.

*

नंतर ती एकटीच आली. हाताशी कापडाचं मोठं गाठोडं. पडदे तो लावायचा, पण शिवायची ती. बोटांना सुईचे टोचे, गळ्यात मापाची पट्टी तशीच राहून गेलेली.

"भाऊ, हा फोन जरा बघता का? गरम होतो. आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही."

टाचणीने फोन ओळखला. फोन उलटा करून तो उगाच मागची बाजू बघत राहिला.

"कुठे पडला वगैरे होता का?"

"नाही हो. मागे समोरच दाढ काढायला आले होते, त्यानंतर सुरू झालं हे." तिने मागे वळून बघितलं, मग आवाज खाली आणला. "एक विचारू? हसू नका. माझं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जात असेल का यातून?"

"असं का वाटतं तुम्हाला?"

"बहिणीशी बोलताना म्हटलं, गुडघा दुखतोय. संध्याकाळी मिस्टर मलम घेऊन आले. म्हटलं, योगायोग. मग एकदा मी तिला म्हणाले, मला आता निळा रंग डोळ्यासमोर नको वाटतो. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या खिडक्यांना निळे पडदे. स्वयंपाकघरालासुद्धा. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. जेवताना नुसते पडद्यांकडे बघून हसत होते."

हे सांगताना तिचा हात काउंटरवरच्या धुळीत शिलाईसारखी बारीक रेघ ओढत होता.

"उसवून परत शिवलेलं कापड असतं ना, भाऊ, ते कितीही नीट शिवलं तरी मला हाताला कळतं. या फोनचं तसं वाटतंय बघा. कुणीतरी उसवून परत शिवल्यासारखा."

टाचणीला भीती तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्याला राग आला. मोठमोठ्या कंपन्यांना न सापडणारं त्याचं काम एका शिवणकाम करणाऱ्या बाईने नुसतं हात लावून ओळखावं?

"कापड वेगळं आणि फोन वेगळा, ताई," तो म्हणाला.

त्याने फोन भिंगाच्या दिव्याखाली घेतला, वायर जोडली. आत सगळं जागच्या जागी होतं. त्याने घातलेला कान तिथे बसून ऐकत होता. आत्ताचं हे बोलणंही ऐकत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने घाईघाईने फोन बंद केला.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. बाई, आहे यात. माझ्याच हातचं आहे, काढून देतो. एवढीच दोन वाक्यं. पण तिने विचारलं असतं, तुम्ही का केलंत? पडदेवाल्याने येऊन विचारलं असतं, तुम्ही का सांगितलंत? बाजारात झालं असतं, टाचणीचं काम पकडलं गेलं. गुपचूप काढून टाकावं तर पडदेवाल्याला संध्याकाळीच कळणार. टाचणीने सगळीकडून विचार केला. फक्त तिच्या बाजूने करायचा राहिला.

"बॅटरी म्हातारी झालीय," तो म्हणाला. "बदलून देतो. दुसरं काही नाही."

"नक्की?"

नवी बॅटरी घालून त्याने फोन चालू केला, सुरक्षिततेचं पान उघडलं आणि हिरवी खूण तिच्यासमोर धरली. "हे बघा. काही असतं तर हे लाल झालं असतं."

तिने वाकून, ओठ हलवत वाचलं. उपकरण सुरक्षित आहे. मग तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"भाऊ, मला यावरून एक फार महत्त्वाचं बोलायचंय. आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल तर बोलते. तुम्हाला जराही शंका असेल तर नाही बोलत, दुसरी काहीतरी सोय करते."

"बोला बिनधास्त," टाचणी म्हणाला.

तिने पैसे दिले, गाठोडं उचललं आणि ती रस्ता ओलांडून त्या दाताच्या पाटीखाली सावलीला जाऊन उभी राहिली. दुकानाच्या काचेतून ती स्पष्ट दिसत होती. फोन कानाला, दुसऱ्या हाताने तोंड झाकलेलं. बोलता बोलता तिचा हात खाली आला आणि ती हसली. काढलेल्या दाढेची मोकळी जागा दिसण्याइतकी मोकळी हसली. कुणी गिऱ्हाईक मध्ये आलं असतं तर निदान सबब तरी मिळाली असती. पण कुणी आलं नाही. टाचणी रिकामा बसून सगळं बघत होता.

"दाढेवाल्याची बायको ना ही?" म्हातारा म्हणाला.

"कोण दाढेवाला?"

"तो नाही का आला होता, तासाभरात करा म्हणणारा. तोही दाढेचं बोलला, हीही दाढेचं बोलली. मला दिसत नाही, ऐकू येतं." म्हाताऱ्याने घड्याळ कानापासून दूर केलं. "तू तिला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं?"

"तिच्या फोनात काय घातलंस ते."

"तुम्हाला यातलं काही कळत नाही, बाबा. गप बसा."

म्हातारा उठला. भिंत चाचपत, काउंटरच्या कडेला हात लावत तो निघाला. वाटेत स्क्रूंची ताटली त्याच्या हाताने उडाली, बारीक बारीक स्क्रू फरशीभर घरंगळले. टाचणी शिव्या घालत ते गोळा करायला खाली बसला. म्हातारा दारापर्यंत पोचला, चौकटीला धरून उभा राहिला आणि पांढऱ्या उजेडाकडे तोंड करून त्याने हाक मारली, "पोरी! ए पोरी! जरा थांब!"

तोवर ती गाठोडं घेऊन वळणापलीकडे गेली होती. दाताच्या पाटीखाली आता एक हातगाडीवाला उभा होता. त्याने कुतूहलाने म्हाताऱ्याकडे बघितलं आणि डोकं फिरलंय अशी खूण केली. टाचणीने बापाला थांबवलं नाही. आत बसून त्याने दोन-तीन हाका मारू दिल्या, मग हाताला धरून स्टुलावर आणून बसवलं.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याने "खूण केलीस का" हे विचारणं सोडून दिलं.

*

पडदेवाल्याची बायको जिन्यावरून पडली ही बातमी बाजारात आली ती पडदेवाल्याच्या कौतुकासकट आली. डोक्याला मार लागला होता. डोळे उघडे, पण ओळख नाही, वाचा नाही. नवरा रोज इस्पितळात जातो, चमच्याने भरवतो, केस विंचरतो. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं," शेजारच्या झेरॉक्सवालीने सांगितलं. टाचणी हूं म्हणाला.

मग एके सकाळी पडदेवाला स्वतःच आला. खांद्यावर दांडी, काखेत कापड.

"बाबांच्या तोंडावर ऊन येतं इथे," तो म्हणाला. "कितीदा मनात होतं, पडदा लावून द्यावा."

नको नको म्हणेपर्यंत तो दुसऱ्या एका स्टुलावर चढला. ड्रिल भिंतीत घुसलं, भुकटी म्हाताऱ्याच्या अंगावर पडली. पडदा निळा होता. बारीक, सरळ, एकसारखी शिलाई. ती कुणाच्या हातची हे विचारायची गरज नव्हती.

"तिचा फोन सापडत नाहीये," हात झटकत पडदेवाला म्हणाला. "इस्पितळातून कपड्यांबरोबर तिच्या बहिणीकडे गेला असावा. बहीण तशी खटपटी आहे. कुणाला तरी दाखवायला नेईल. बाजारात तुमचंच नाव आहे, म्हणजे इथेच आणेल."

"मग?"

"मग काय, उस्ताद? तुमची सही आहे त्यात." त्याने टाचणीच्या खांद्यावर थोपटलं. "माझं काय, मी अडाणी माणूस. मला कुलूप म्हटलं की दाराचं माहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टाचणीचा हात दगडाखाली सापडला होता आणि तो दगड त्याने स्वतःच उचलून आणला होता.

*

बहीण आली. ताईपेक्षा बरीच लहान, पण चेहरा ओढलेला. दुसऱ्या गावात पावाच्या कारखान्यात कामाला होती. फोन तिने रुमालात गुंडाळून आणला होता. काचेला तडा गेलेला, एक कोपरा चेपलेला.

"दादा, हा चालू होईल का?"

"चालू होतोय. काच गेलीय नुसती."

"काच नकोय बदलायला. मला फक्त एवढंच सांगा, यातून कुणी ऐकत होतं का?"

टाचणीने फोन हातात घेतला. त्याला वाटलं होतं ती रडेल, आरडाओरडा करेल. तसं काहीच नव्हतं. एकेक शब्द ठेवून दिल्यासारखी ती बोलत होती.

"ताई घर सोडणार होती. दुपारी तो हॉटेलचे पडदे लावायला जाणार, तेव्हा तिने निघायचं आणि मी बसस्टँडवर थांबायचं. हे ठरलं ते या फोनवर. याच बाजारातून बोलली ती. म्हणाली, 'इथला माणूस चांगला आहे, त्याने तपासून दिलाय, आता बिनधास्त बोलू या.' खूप दिवसांनी हसली हो त्या दिवशी. मी स्टँडवर वाट बघत बसले. आणि तो हॉटेलात गेलाच नव्हता. शेजारीण सांगते, सकाळपासून जिन्याच्या वळणावर उभा होता. तिची पिशवीसुद्धा त्यानेच उचलून वर नेली, ती खाली पडली असताना."

"पोलीस?"

"पडली, म्हणतात. त्याला कसं कळलं, हे मी दाखवलं तर पुढे काही होईल. नाहीतर काय, दोघींनाच माहीत होतं. ती तर बोलत नाही. म्हणजे राहिले मी." तिने रुमालाची घडी घातली, उलगडली. "आई म्हणते, तूच कुठेतरी तोंड उघडलंस. माझं घरात येणं बंद केलंय तिने. मी फक्त माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. आता त्याच्याकडे बघितलं की वाटतं, याने तर नाही? तो शपथा घेतो. मी त्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही आता. दादा, यात काही निघालं ना, तर मी सुटेन. नाही निघालं, तर मला कळेल की ते आमच्याकडूनच गेलं. काहीही असो, खरं सांगा."

"बघतो," टाचणी म्हणाला.

मग तिचं लक्ष मागे गेलं. "आजोबा, तुम्ही होतात का हो इथे, ताई आली होती तेव्हा? ती काही बोलली होती का?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. टाचणीचे हात फोनवर थांबले. रस्त्यावर जाऊन परक्या बाईला हाका मारणारा म्हातारा हाच. पण त्या दिवशी फक्त तिचा जीव धोक्यात होता. आज मुलगा जाणार होता.

"मला दिसत नाही, पोरी," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंड निळ्या पडद्याकडे फिरवलं.

टाचणीने वायर लावली. भिंगाचा दिवा ओढून घेतला. बहीण काउंटरवर कोपरं टेकून स्क्रीनकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघत होती. आंधळा विश्वास ठेवणाऱ्या गिऱ्हाइकासमोर काम करणं फार सोपं असतं. त्याने आधी तो ऐकणारा कान काढला, मग त्याच्या वाटा, मग त्या वाटांवरचे ठसे. कंपनीची खोली कंपनीला परत केली, कुलूप होतं तसं बसवलं. सगळ्यात शेवटी तो खाली, खूप खाली गेला. तिथे ती रिकामी फाइल होती. 'टाचणी'. तिच्याकडे बघत तो क्षणभर थांबला. आजवर त्याने कुठल्याच फोनमधली ही काढली नव्हती.

त्याने ती पुसली.

आयुष्यातलं त्याचं सगळ्यात स्वच्छ काम ते. जगातला कुठलाही तज्ज्ञ आता काही शोधू शकला नसता. सुरक्षिततेचं पान उघडून त्याने तडकलेल्या काचेमागची हिरवी खूण तिला दाखवली. या वेळी ती खूण खरं बोलत होती.

"काही नाही यात."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती बराच वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिली. मग तिने फोन पुन्हा रुमालात गुंडाळला, नीट, चारी कोपरे आत घालून.

"म्हणजे आमच्याकडूनच," ती म्हणाली. "ठीक आहे. किती द्यायचे?"

"राहू द्या."

"नको, दादा. घ्या. तुम्ही खरं सांगितलंत."

न घ्यावे तर संशय येईल, म्हणून त्याने घेतले. ती पायरी उतरली, बसस्टँडच्या दिशेला वळली. चालताना तिने एकदाही मागे बघितलं नाही.

टाचणीने दिवा बंद केला, वायरी गुंडाळल्या. म्हाताऱ्याने हात पुढे केला. हातात त्याचं मनगटी घड्याळ होतं.

"याचं झाकण उघड."

"काय झालं? बंद पडलं?"

"उघड, म्हणतो ना."

टाचणीने झाकण काढलं. आतल्या बाजूला, ऐन जवानीत सुईने ओरखडलेली बापाची खूण होती. त्याने पहिल्यांदा दुरुस्त केलेलं घड्याळ हे. मूळ मालक ते न्यायला कधी आलाच नाही, म्हणून त्याच्याकडे राहिलेलं. लहानपणी याच खुणेवर बोट फिरवायला मिळावं म्हणून टाचणी हट्ट करायचा.

"घासून काढ ती," म्हातारा म्हणाला.

"बाबा..."

"तुला चांगलं जमतं ते. काढ."

टाचणीने बारीक पॉलिश कागद घेतला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो हळूहळू, गोल गोल घासत राहिला. एक रेघ गेली, मग दुसरी. फडक्याने पुसून, फुंकर मारून त्याने झाकण बापाच्या तळहातावर ठेवलं.

म्हाताऱ्याने झाकणाच्या आतून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग उलट बाजूने. कुठेही अडकलं नाही.

"छान," तो म्हणाला. "काही कळत नाही."